भिंतीची ओल आणि पुराचं पाणी

शाळा सुटता सुटता आपांचा फोन आला. आवाज चढलेला. "तूच म्हणालास ना घराचा विमा काढा? काढला. दरवर्षी हप्ता भरतोय. आता बेडरूमची भिंत पावसात ओली होऊन रंगाचे पापुद्रे पडायला लागले, तर कंपनीवाले म्हणतात हे आमच्यात बसत नाही. मग काय त्या कागदाचं लोणचं घालू?"

इतवारी आम्ही गेलो. जेवणाच्या टेबलावर तीन फाइली होत्या: विम्याची, बँकेची आणि बिल्डरची. आपांनी उघडली होती फक्त पहिली. उत्तर तिसरीत होतं.

आधी विम्याचं. आपांची पॉलिसी 'भारत गृह रक्षा' नावाची. १ एप्रिल २०२१ पासून विमा नियामकाच्या हुकुमाने ही एकाच नमुन्याची पॉलिसी आली, त्यामुळे कुठल्याही कंपनीची घेतली तरी मूळ अटी त्याच. आग, वीज, भूकंप, वादळ, पूर, दरड, दंगल, पाण्याची टाकी किंवा पाइप फुटणं, या सगळ्याचं नुकसान त्यात धरलं जातं. म्हणजे जे अचानक येऊन आदळतं ते. पाइप फुटून घरात पाणी झालं तर दावा करता येतो. पण भिंत तीन पावसाळे हळूहळू पाणी पीत राहिली तर नाही. कंपनीवाल्याने आपांना खोटं सांगितलं नव्हतं, फक्त पुढे कुठे जायचं ते सांगितलं नाही.

आता बिल्डरची फाइल. २०१६ च्या रेरा कायद्याच्या कलम १४ मध्ये लिहिलंय की ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत इमारतीच्या रचनेत किंवा कामाच्या दर्जात दोष निघाला आणि घरमालकाने तो बिल्डरच्या नजरेस आणला, तर बिल्डरने तीस दिवसांत, एक पैसाही न घेता, तो दुरुस्त करायचा. नाही केला तर भरपाई मागता येते, आणि त्यासाठी महारेराकडे तक्रार करता येते. आपांच्या ताब्याच्या पत्रावर तारीख होती ११ डिसेंबर. पाच वर्षं पुरी व्हायला चार महिने उरले होते!

"पण मी तर दोन वर्षांपासून त्यांच्या सुपरवायझरला सांगतेय. दरवेळी म्हणतो, पाऊस संपू द्या."

"लेखी?"

आपा गप्प. तोंडी सांगण्याला साक्षीदार कोण? त्याच दुपारी अर्ज लिहिला. ताब्याची तारीख, भिंत कुठली, ओल पहिल्यांदा कधी दिसली, सोबत फोटो. सोमवारी स्पीड पोस्टाने पाठवला, ईमेलही केला.

आठवड्याने उत्तर आलं की तुम्ही किचनमध्ये तोडफोड केलीत, जबाबदारी संपली. दुल्हाभाईंचा चेहरा उतरला, कारण ओटा त्यांनीच हलवून घेतला होता. ही अट बऱ्याच करारांत असते, तेव्हा बाथरूमच्या लाद्या किंवा नळ बदलण्याआधी करार वाचा आणि बिल्डरची लेखी परवानगी घ्या. पण आपांची ओली भिंत पश्चिमेची, बाहेरची. किचन घराच्या दुसऱ्या टोकाला. घराचा नकाशा जोडून आम्ही तेच कळवलं.

राहिली बँकेची फाइल. त्यातही एक विमा होता, कर्ज घेताना सही घेतलेला. पुष्कळांना वाटतं तो घराचा आहे. तो असतो कर्जदाराच्या जिवाचा. आमच्या एका सोबतच्या शिक्षकाला हे कळलं ते २२ जुलै २०२१ ला, चिपळूणच्या पुरात. तळमजल्याचं घर, पाणी छतापर्यंत. बिल्डर म्हणाला पूर मी आणला नाही, आणि ते बरोबरच होतं. बँकेचा विमा म्हणाला माणूस हयात आहे. घराची पॉलिसी मात्र नव्हतीच.

पॉलिसी घेताना रक्कम फ्लॅटच्या बाजारभावावर धरू नका, बांधकामाच्या खर्चावर धरा. कार्पेट एरिया ७०० चौरस फूट आणि बांधकाम २,२०० रुपये फूट असेल तर १५ लाख ४० हजार. इमारतीचा विमा काढला की त्याच्या २० टक्के, म्हणजे इथे ३ लाख ८ हजार, घरातल्या सामानाला आपोआप मिळतात. वरची मर्यादा १० लाख. दागिने त्यात येत नाहीत, ते वेगळे नोंदवावे लागतात.

विमा जायज की नाजायज, हा सवाल आमच्या वाचकांच्या घरात असणारच. तो आपल्या आलिमांना विचारावा, आमचा तो प्रांत नाही. बिल्डरच्या जबाबदारीत मात्र तसला पेच नाही. विकलेल्या मालातला ऐब हा विकणाऱ्याच्या गळ्यात, हे फिकहही सांगतं आणि रेराही.

सव्विसाव्या दिवशी आपांकडे वॉटरप्रूफिंगवाले आले. आतून एक हात मारून निघाले होते. आपांनी दारातच अडवलं, "भेग बाहेरून आहे, पहाड बांधा." परवा पहाड बांधला गेलाय.