विक्रमांचा हिशेब

गेल्या श्रावणात एका दुपारी पाऊस असा लागला की खेळाचा तास वर्गातच घेणे भाग पडले. वेळ जावा म्हणून आम्ही सहज विचारले, "जगातील सर्वांत मोठा फुटबॉल-संघ कोणता?" प्रश्न पुरा होण्याच्या आतच मागील बाकावरून उत्तर आले, "रेयाल माद्रिद!" दुसऱ्याने लागलीच जोड दिली, "पंधरा वेळा युरोपचा चषक, सर!" मग कोणी न विचारताच २०१४, २०१६, २०१७, २०१८, २०२२, २०२४ ही साले मुलांनी पाढ्यासारखी म्हणून दाखविली. पानिपतच्या लढाईचे साल विचारले असता याच वर्गात जी गाढ शांतता पसरते तिची आम्हांस आठवण झाली; पण ते असो.

आम्ही दुसरा प्रश्न केला, "भारताची राष्ट्रीय लीग पाच वेळा जिंकणारा गोव्याचा संघ कोणता?" आता मात्र पावसाचाच आवाज तेवढा ऐकू येऊ लागला. अखेर एका मुलीने फार प्रामाणिकपणे विचारले, "सर, तुमच्या गोव्यात पण फुटबॉल खेळतात?"

आमची मातृभाषा कोंकणी. ज्या घरात आम्ही वाढलो तेथे संध्याकाळच्या जेवणाची वेळ मैदानावरील सामना संपण्यावर ठरत असे. तेव्हा हा प्रश्न आम्हांस थोडा लागला, हे कबूल केले पाहिजे. पण त्या मुलीला दोष देण्याचे कारण नाही. संत्र्यांच्या बागांतून, नागपूरच्या रस्त्यावरून, पांढुर्णा-सौंसरच्या बाजारांतून पांढरा सदरा घालून हिंडणारी मुले आम्ही रोज पाहतो. त्या सदऱ्यावर माद्रिदचे चिन्ह असते. डेम्पोचा सदरा येथील कोणत्या दुकानात टांगलेला आम्ही पाहिलेला नाही.

आमचे म्हणणे असे नाही की मुलांनी माद्रिदचे कौतुक करू नये. कौतुक करण्याजोगेच ते आहे. १९०२ साली स्थापन झालेल्या या संघास १९२० मध्ये राजाने 'रेयाल', म्हणजे शाही, हे बिरुद दिले. युरोपातील विजेत्या संघांची स्पर्धा १९५५-५६ मध्ये सुरू झाली आणि पहिली पाचही वर्षे तो चषक माद्रिदनेच नेला. पॅरिस येथील पहिल्या अंतिम सामन्यात फ्रान्सच्या रॅंस संघाने आरंभीच दोन गोल चढविले होते. तो सामना माद्रिदने ४-३ असा फिरविला. १९६० साली ग्लासगो येथे सव्वा लाखाहून अधिक प्रेक्षकांसमोर फ्रॅंकफुर्टचा ७-३ असा पराभव झाला, तेव्हा पुश्काशने चार आणि दि स्तेफानोने तीन गोल केले. दि स्तेफानोने तर त्या पाचही अंतिम सामन्यांत गोल केलेला आहे. २०२४ पर्यंत युरोपचे १५ चषक आणि स्पेनच्या लीगची ३६ विजेतेपदे या संघाच्या नावावर जमा झाली. युरोपच्या चषकात दुसऱ्या क्रमांकावर असलेल्या मिलान संघाचे सात आहेत. म्हणजे निम्मेही नाहीत.

हे सारे आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊक आहे. त्यांस जे ठाऊक नाही ते त्या पाढ्यातील मोकळ्या जागांत दडलेले आहे. १९६६ साली माद्रिदने सहावा चषक जिंकला, सातवा कधी? १९९८ साली. मध्ये बत्तीस वर्षे गेली. ज्या बापाने ऐन तारुण्यात सहावा चषक पाहिला त्याच्या मुलाचे केस पिकू लागले तेव्हा सातवा आला. या बत्तीस वर्षांत कोणी संघ मोडला नाही की मैदान विकून टाकले नाही. आणखी मागे गेलो तर १९३९ साली यादवी युद्ध संपले तेव्हा या संघाचे जुने मैदान उद्ध्वस्त झालेले होते. १९४३ मध्ये सान्तियागो बेर्नाबेऊ हे एकेकाळचे खेळाडू अध्यक्ष झाले आणि पैसा नसलेल्या त्या काळात त्यांनी सभासदांना कर्जरोखे विकून नवे मैदान उभारले. ते १९४७ मध्ये खुले झाले. आजही हा संघ कोण्या धनिकाचा नसून सभासदांचा आहे. पंधरा चषकांची यादी म्हणजे या इमारतीचा कळस होय. पाया त्या कर्जरोख्यांत आहे.

आता गोव्याकडे वळू. १८८३ साली शिवोली गावी विल्यम रॉबर्ट लायन्स नावाचे इंग्रज पाद्री हवापालटासाठी आले आणि त्यांनी तेथील मुलांना हा खेळ शिकविला, असे सांगतात. भातकापणी झाल्यावर मोकळी पडलेली शेते हीच गोव्याची पहिली मैदाने. अशा मैदानांवरून ब्रह्मानंद संखवाळकर यांच्यासारखा गोलरक्षक निघाला. ते भारताचे कर्णधार झाले. १९८४ मध्ये गोव्याने संतोष करंडक जिंकला तो संपूर्ण स्पर्धेत एकही गोल न स्वीकारता, आणि गोलाच्या खांबांमध्ये उभे होते ब्रह्मानंद. या चिमुकल्या प्रदेशाने मोठमोठ्या प्रांतांना मागे सारून तो करंडक पाच वेळा मिळविला आहे. त्यांतील पहिल्या वेळी बंगालबरोबर संयुक्तपणे. साळगावकर संघाने १९८८ साली फेडरेशन चषक प्रथमच गोव्यात आणला. चर्चिल ब्रदर्सने २००८-०९ आणि २०१२-१३ अशी दोनदा लीग जिंकली. आणि डेम्पो संघाने २००४-०५, २००६-०७, २००७-०८, २००९-१०, २०११-१२ अशी पाच वेळा जिंकली. पाचही वेळा प्रशिक्षक एकच, आर्मांदो कुलासो, गोव्याचेच सुपुत्र. २००८ साली हाच संघ आशियाई महासंघाच्या चषकात उपांत्य फेरीपर्यंत गेला होता.

ही झाली साले. पण एका सालापाशी आम्ही थांबणार आहोत, कारण विक्रमांच्या तक्त्यांविषयी आमचे जे मत आहे ते या एका गोष्टीने बनले.

५ डिसेंबर २००४. बंगळूरच्या कंठीरव मैदानावर फेडरेशन चषकाचा अंतिम सामना, डेम्पो विरुद्ध मोहन बागान. डेम्पोचा ब्राझिलियन खेळाडू क्रिस्तियानो ज्युनियर याने पहिला गोल केला. नंतर दुसराही त्यानेच केला. परंतु दुसरा गोल करताना प्रतिपक्षाच्या गोलरक्षकाशी त्याची टक्कर झाली. चेंडू जाळ्यात गेला आणि तो मैदानावर कोसळला तो पुन्हा उठला नाही. डेम्पोने सामना २-० असा जिंकला. विजयाचा चषक मिळाला आणि ज्याने तो मिळवून दिला तो तरुण त्याच दिवशी गेला. त्याचा दहा क्रमांकाचा सदरा डेम्पोने कायमचा बाजूस ठेवला, आणि त्याच हंगामात पुढे लीगही जिंकली. आम्ही तेव्हा शाळकरी वयाचे होतो. आमच्या घरी त्या रात्री कोणी विजयाविषयी बोलले नाही, एवढेच आम्हांस स्मरते.

आता विक्रमांचा कोणताही तक्ता उघडा. तेथे एका ओळीत 'फेडरेशन चषक, २००४: डेम्पो' एवढेच आढळेल. ती ओळ खरी आहे. पण ती ओळ पाठ करणाऱ्यास काय ठाऊक झाले?

म्हणून आम्हांस वाटते की आमची मुले आकडे फार जाणतात असे नव्हे. ती फार थोडे जाणतात. ज्यास माद्रिदची साले येतात त्यास ती बत्तीस वर्षेही ठाऊक असावीत. ज्यास पाच विजेतेपदे सांगावयाची आहेत त्याने हेही सांगावे की पुढे २०१४-१५ च्या हंगामात डेम्पो खालच्या श्रेणीत ढकलला गेला, पुढल्याच वर्षी ती श्रेणी जिंकून वर आला, आणि २०१६ साली राष्ट्रीय स्पर्धांच्या नव्या आखणीविरुद्ध निषेध म्हणून साळगावकर व स्पोर्टिंग या संघांसह स्वतःच लीगमधून बाहेर पडला. त्या निर्णयाविषयी गोव्यात आजही घरोघर दोन मते आहेत. आमच्या मते निषेध रास्त होता. परंतु त्याची किंमत अधिकाऱ्यांनी नव्हे, गावोगावच्या पोरांनी मोजली. पुढे २०२४-२५ मध्ये डेम्पो पुन्हा आय-लीगमध्ये खेळताना दिसला तेव्हा आमच्या वडिलांनी दूरध्वनी करून ती बातमी कळविली. पीक-पाण्याची चौकशी त्यानंतर झाली!

माद्रिद आणि गोवा यांची गाठ पडते ती एका निराळ्याच दिवशी. रोनाल्डो हे नाव आमच्या वर्गात कोणास सांगावे लागत नाही. माद्रिदसाठी त्याने ४३८ सामन्यांत ४५० गोल केले. तो ज्या सौदी संघाकडून पुढे खेळू लागला त्या अल्-नस्रचा सामना २२ ऑक्टोबर २०२५ रोजी मडगावच्या फातोर्डा मैदानावर एफ. सी. गोवाशी ठरला, तेव्हा आमची मुले महिनाभर आधीच बेचैन झाली होती. रोनाल्डो आला नाही. दुसऱ्या दिवशी वर्गात सुतकी चेहरे! आम्ही विचारले, "सामन्यात काय झाले?" "तो आलाच नाही, सर." "ते कळले. सामन्यात काय झाले?" सांगणारा कोणीही निघेना. गोवा १-२ असा हरला होता, आणि गोव्याचा तो एक गोल ब्रायसन फर्नांडिस या गोव्याच्याच मुलाने त्या बलाढ्य संघाविरुद्ध मारला होता. जो आला नाही त्याची चर्चा महिनाभर, आणि जो आला, खेळला, गोल करून गेला त्याचे नावही नाही. हे आम्हांस बरे वाटले नाही, आणि आम्ही तसे मुलांस स्पष्ट सांगितले.

कोणी म्हणेल, गोव्याचे कौतुक गोव्याच्या मास्तरांनी खुशाल करावे. पांढुर्ण्यास त्याचे काय? प्रश्न रास्त आहे. आमच्या गावाची ओळख बाहेर सांगावयाची झाली तर लोक गोटमारीचे नाव काढतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या एका काठी पांढुर्णा व दुसऱ्या काठी सावरगाव उभे राहते आणि मधल्या झाडावरील झेंड्यासाठी दगड चालतात. परंपरेविषयी आम्ही बाहेरचे म्हणून अधिक बोलू नये. परंतु त्या दिवसाचा आकडा दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात येतो तो जखमींचा असतो. दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहण्याचा प्रयोगही प्रशासनाने मागे केला होता. तो चालला नाही. दोन काठांच्या पोरांत एवढे पाय, एवढी धाव आणि एवढी ईर्ष्या आहे, आणि तिची नोंद मात्र इस्पितळाच्या वहीत होते, हे पाहून आम्हांस दरवर्षी चुटपुट लागते.

आमच्या शाळेजवळ मैदान आहे. चेंडूही आहेत, चार, त्यांपैकी दोन फुगतात. नाही ती संध्याकाळ. नववीत गेलेला मुलगा साडेपाचला शिकवणीस जातो, आणि दहावीत गेलेल्याचे नाव पालक स्वतः येऊन संघातून काढून घेतात. गेल्या वर्षी आमचा सर्वांत चांगला पिछाडीचा खेळाडू असाच गेला. त्याचे वडील सुज्ञ गृहस्थ आहेत. त्यांचे संत्र्याच्या बागेतले श्रम आम्ही पाहिले आहेत. "सर, खेळून पोट भरते का?" असे त्यांनी विचारले. आम्ही म्हणालो, "बहुधा नाही." खोटे कसे बोलावे? माद्रिदच्या सदऱ्यासाठी मात्र त्यांनीच पैसे दिले होते, आणि मुलगा तो घालून शिकवणीस जातो. पालकांस आमची विनंती एवढीच आहे की आठवड्यातून दोन संध्याकाळी तो सदरा मैदानावर येऊ द्यावा. मुलींच्या संघासाठीही हीच विनंती आहे. "गोव्यात फुटबॉल खेळतात का" असे विचारणारी ती विद्यार्थिनी आता आघाडीस खेळते आणि तिच्या डाव्या पायाचा फटका अडविणे मुलांसही जड जाते.

यंदापासून आम्ही एक वही घातली आहे. शाळेचा प्रत्येक सामना तीत लिहावयाचा: तारीख, प्रतिपक्ष, गोल कोणाचे, कोण जखमी झाले, कोण का आले नाही, पाऊस होता की नाही. लिहिण्याचे काम पाळीपाळीने मुलांकडेच आहे. पहिला सामना आम्ही सौंसरला जाऊन खेळलो. पहिल्या पानावर आठवीतल्या एका मुलाच्या अक्षरात असे लिहिलेले आहे: 'सौंसर ४, आपण १. आपला गोल उत्तरार्धात. मैदानात चिखल होता. आपला गोलरक्षक रडला, पण परतताना गाडीत त्यानेच सर्वांना संत्री वाटली.'