फ्लॅशला हाक कशी द्यावी ? उजेडाने की रेडिओने ?

लग्नसराई जवळ आली की फोटोग्राफीच्या व्यवसायात नव्याने उतरलेल्या आमच्या तरुण मुलामुलींचे प्रश्न सुरू होतात. या खेपेस एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत विचारला गेला आहे. फ्लॅश कॅमेऱ्यावरून काढून बाजूला स्टॅण्डवर ठेवायचा, तर तो पेटविण्यासाठी ऑप्टिकल ट्रिगर घ्यावा की रेडिओ ट्रिगर ? दुकानदार म्हणतो महागातला घ्या, मित्र म्हणतो स्वस्तातला चालतो, आणि खिशात पैसे तर मोजकेच. अशा वेळी निर्णय कोणत्या आधारावर करावा हे आज सविस्तर सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

मुळात फ्लॅश कॅमेऱ्यावरून उतरवायचा कशासाठी, ते प्रथम पाहू. आपल्या मंगल परिणयाचेच उदाहरण घ्या. वधू-वर शुभ्र वस्त्रांत असतात. त्यांच्यामागे टेबलावर तथागतांची आणि बाबासाहेबांची काचेच्या चौकटीतील प्रतिमा असते. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश समोरून सरळ मारला म्हणजे तीन गोष्टी बिघडतात. पहिली, प्रतिमेच्या काचेवर पांढरा झगझगीत डाग उठतो आणि बाबासाहेबांचा चेहराच दिसेनासा होतो. दुसरी, ऑटोवर ठेवलेला फ्लॅश पांढऱ्या साडीवरून परत येणारा उजेड मोजतो, पुष्कळ झाला असे समजून हात आखडता घेतो आणि वधू-वरांचे चेहरे काळवंडतात. तिसरी, समोरून पडलेल्या सपाट उजेडात चेहऱ्याची ठेवण हरवते.

मग पुढे काय होते ? फोटो संगणकावर घालून चेहरे गोरे केले जातात. लग्नाचा आल्बम घरी येतो तेव्हा आईला आपली लेक ओळखू येत नाही. आमचे स्पष्ट मत आहे की आपल्या माणसांचा रंग हा काही दुरुस्त करावयाचा दोष नव्हे. दोष असतो तो उजेडाच्या जागेत. हाच फ्लॅश वधू-वरांच्या एका बाजूस, डोक्यापेक्षा दोन-तीन फूट उंच, पांढऱ्या छत्रीतून मारून पाहा. काचेवरची चमक दुसऱ्या बाजूला निघून जाते, सावळ्या चेहऱ्यावर सुंदर उठाव येतो आणि साडीचे काठही दिसतात. फ्लॅशची ताकद ऑटोवर न ठेवता हाताने ठरवावी, म्हणजे पांढरे कापड त्याला फसवू शकत नाही. आणखी एक सोय म्हणजे, स्टॅण्ड आणि वधू-वर यांच्यातील अंतर बदलत नाही तोवर तुम्ही कॅमेरा घेऊन पुढे या की मागे जा, चेहऱ्यावरचा उजेड तोच राहतो. मात्र स्टॅण्ड पाच फुटांवरून दहा फुटांवर नेला, तर उजेड निम्मा नव्हे, चौथा हिस्साच उरतो, हे ध्यानात असू द्यावे.

आता मूळ प्रश्न. फ्लॅश दूर गेला, मग कॅमेऱ्याने बटण दाबल्याचे त्याला कळवायचे कोणी ? सर्वांत जुना उपाय वायरचा. एकट्याने घरच्या खोलीत काम करावयाचे असेल तर वायर उत्तमच. पण लग्नघरात मुले धावत असतात, म्हाताऱ्या माणसांची ये-जा असते. वायरीत कोणाचा पाय अडकून स्टॅण्ड अंगावर पडला तर फोटो राहिला बाजूला. तेथे बिनवायरीचाच मार्ग हवा, आणि ते मार्ग दोन आहेत.

या धंद्यात कॅमेऱ्यावरच्या यंत्राला ‘मास्टर’ आणि दूरच्या फ्लॅशला ‘स्लेव्ह’, म्हणजे मालक आणि गुलाम, म्हणण्याची रीत आहे. आम्हांला हे शब्द रुचत नाहीत. म्हणून या लेखात आम्ही ‘देणारा’ आणि ‘घेणारा’ असेच म्हणणार आहोत. यंत्रावर मात्र एम आणि एस ही अक्षरे दिसली तर त्यांचा अर्थ ठाऊक असावा.

पहिला मार्ग ऑप्टिकल, म्हणजे उजेडाचा. घेणाऱ्या फ्लॅशवर एक छोटासा डोळा असतो. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश चमकला की तो डोळा ती चमक पाहतो आणि क्षणार्धात आपला फ्लॅश पेटवितो. रचना साधी, किंमत कमी. बऱ्याच फ्लॅशगनमध्ये हा डोळा मुळातच बसविलेला असतो. ज्यांत नाही त्यांच्यासाठी भुईमुगाच्या दाण्याएवढे वेगळे डोळेही मिळतात, आणि त्यांतल्या काहींना बॅटरीसुद्धा लागत नाही. शिवाय कंपनी कोणती हा प्रश्नच येत नाही, कारण उजेड सर्वांचा सारखाच. पांढऱ्या भिंतींच्या लहान खोलीत तर डोळा समोर नसला तरी भिंतीवरून परतलेली चमक त्याला पुरते.

पण या डोळ्याला एक गोष्ट कळत नाही. चमक आपल्या माणसाची की परक्याची, हा भेद त्याला करता येत नाही. लग्नात वराचा मामा आपला कॅमेरा घेऊन येतो, वधूकडचा दुसरा फोटोग्राफर असतो, डी.जे.चे लुकलुकणारे दिवे असतात. यांतल्या कोणाचाही फ्लॅश चमकला की तुमचा स्टॅण्डवरचा फ्लॅश निमूटपणे पेटतो. नुसता वाया गेला असता तरी एक वेळ चालले असते. खरे नुकसान पुढे आहे. पूर्ण ताकदीने पेटलेल्या फ्लॅशला पुन्हा भरण्यास काही सेकंद लागतात. नेमक्या त्याच सेकंदांत वधू वराच्या गळ्यात पुष्पहार घालते आणि तुमचा फ्लॅश रिकामा असतो. आपला विधी साधा आणि आटोपशीर. त्रिसरण, पंचशील, गाथा, पुष्पहार. तो क्षण पुन्हा करून दाखवा असे भन्तेजींना किंवा बौद्धाचार्यांना सांगता येत नाही आणि सांगूही नये. मोबाइलचा दिवा सहसा या डोळ्याला जागे करीत नाही, पण खऱ्या फ्लॅशपुढे त्याचा इलाज चालत नाही.

दुसरी अडचण पूर्वचमकेची. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश टी.टी.एल. या ऑटो पद्धतीवर असला तर खऱ्या चमकेच्या आधी तो उजेड मोजण्यासाठी एक मंद चमक सोडतो. घेणारा डोळा त्या पहिल्या चमकेलाच फसून पेटतो आणि फोटो अंधारात येतो. म्हणून फ्लॅशवर एस-१ आणि एस-२ अशा दोन खुणा असतात. एस-१ पहिल्या चमकेला पेटतो. एस-२ पहिली सोडून दुसरीला पेटतो. सोपा नियम असा की, कॅमेऱ्यावरचा फ्लॅश मॅन्युअलवर ठेवावा आणि घेणारा एस-१ वर. लाल डोळे टाळण्याची सोय कॅमेऱ्यात असेल तर ती बंद करावी, कारण त्यातही आधी चमका निघतात. कॅमेऱ्यावरच्या फ्लॅशची ताकद कमीत कमी करून त्याचे तोंड छताकडे वळवावे. त्याचे काम फक्त हाक देण्याचे. तो चेहऱ्यावर आणि काचेवर पडता कामा नये.

तिसरी अडचण उघड्या जागेची. भर उन्हात डोळा दिपतो आणि त्याला चमक उमगत नाही. रात्री मैदानात उजेड परतवायला भिंती नसतात, म्हणून डोळा आणि देणारा यांची नजरानजर व्हावीच लागते. मध्ये चार माणसे आली की हाक पोहोचत नाही.

दुसरा मार्ग रेडिओचा. कॅमेऱ्याच्या डोक्यावर एक छोटी डबी बसते. ती रेडिओ लहरींतून खूण पाठविते. घेणाऱ्या फ्लॅशखाली तशीच दुसरी डबी असते किंवा ती फ्लॅशच्या पोटातच बसविलेली असते. हल्ली प्रचारात असलेली बहुतेक यंत्रे २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. घरचे वाय-फाय आणि ब्लूटूथही याच पट्ट्यात चालते. कमी ताकदीच्या अशा यंत्रांना या पट्ट्यात आपल्या देशात २००५ पासून परवाना लागत नाही, तेव्हा त्याची चिंता नको. या डबीवर वाहिनीचा क्रमांक लावता येतो. योंगनुओच्या आरएफ-६०३ मध्ये १६ वाहिन्या आहेत, गोडॉक्सच्या एक्स पद्धतीत ३२. तुम्ही ७ क्रमांकावर असाल तर मामांचा फ्लॅश कितीही चमको, तुमचा फ्लॅश फक्त तुमचीच हाक ऐकतो. ऊन असो, खांब आड येवो, फ्लॅश पडद्यामागे असो, त्याला नजरानजर लागत नाही.

म्हणून रेडिओ निर्दोष आहे असे मात्र समजू नये. एक, दोन्ही टोकांना बॅटरी लागते. घेणाऱ्याची बॅटरी संपली तर महागडा फ्लॅशही मुका. दोन, एका कंपनीची डबी दुसऱ्या कंपनीच्या डबीशी सहसा बोलत नाही. अमेरिकेतल्या नातेवाइकाकडून काही मागविणार असाल तर अधिकच जपावे. पॉकेटविझार्डची अमेरिकेसाठी बनविलेली यंत्रे ३४० ते ३५४ मेगाहर्ट्झमध्ये चालतात आणि युरोपसाठी बनविलेली ४३३ च्या आसपास. दोघांचे एकमेकांशी जमत नाही. तीन, माणसाच्या शरीरात पाणी भरपूर असते आणि ते २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी शोषून घेते. गच्च भरलेल्या मंडपात हाक क्षीण होऊ शकते, म्हणून घेणारी डबी माणसांच्या डोक्यांपेक्षा वर ठेवावी. चार, शेजारच्या फोटोग्राफरकडे तेच यंत्र त्याच वाहिनीवर असेल तर दोघांचेही फ्लॅश एकमेकांच्या हाकेला धावतील. कार्यापूर्वी त्याला भेटून क्रमांक वाटून घ्यावेत. पाच, शटरचा वेग. पुष्कळ कॅमेरे फ्लॅशबरोबर १/२०० किंवा १/२५० पर्यंत चालतात, पण स्वस्त डबीला हाक पोहोचविण्यास किंचित उशीर होतो आणि फोटोच्या एका कडेस काळी पट्टी येते. १/१६० किंवा १/१२५ वर काम केल्यास हा त्रास टळतो.

तर मग निवड कशी करावी ? आमच्या मते किमतीवरून नव्हे, तर जागेवरून. स्वतःला एकच प्रश्न विचारावा. ज्या जागी मी काम करणार आहे, तेथे दुसऱ्या कोणाचा फ्लॅश चमकणार आहे काय ? उत्तर ‘नाही’ असेल तर ऑप्टिकल पुरे. पासपोर्ट फोटोची खोली, घरातले नामकरण, विहारातल्या जुन्या कागदपत्रांची व प्रतिमांची छायाचित्रे, विक्रीसाठी बनविलेल्या वस्तूंचे फोटो, या कामांत रेडिओवर पैसा घालण्याची गरज नाही. उत्तर ‘होय’ असेल, किंवा काम उघड्यावर असेल, तर रेडिओच घ्यावा. लग्न, साखरपुडा, १४ एप्रिलची मिरवणूक, जाहीर सभा ही सर्व कामे त्यात येतात. मिरवणुकीत तर स्टॅण्ड उभा करताच येत नाही. फ्लॅश बांबूला बांधून सोबत्याच्या हाती द्यावा लागतो, आणि सोबती चालत राहतो. तेथे नजरानजरेवर विसंबून चालणार नाही.

खरेदीचा क्रमही सांगतो. नव्याने घ्यावयाचा असल्यास रेडिओ रिसीव्हर पोटात असलेला आणि वर एस-१, एस-२ ही सोयही असलेला साधा मॅन्युअल फ्लॅश पाहावा. गोडॉक्सचा टीटी-६०० हा त्यातलाच एक. त्याच पद्धतीची देणारी डबी कॅमेऱ्यासाठी घेतली की काम भागते. पुढे जोड म्हणून दुसरा फ्लॅश घ्यावा. व्याजाने पैसे काढून एकदम तीन-तीन फ्लॅश घेऊ नयेत. त्यापेक्षा दोघा-तिघा मित्र-मैत्रिणींनी मिळून एक संच घ्यावा, वहीत नोंद ठेवावी आणि तारखा वाटून घ्याव्यात.

वडिलांच्या किंवा जुन्या स्टुडिओतल्या फ्लॅशगन पडून असतील तर त्या फेकू नका, पण सरळ डिजिटल कॅमेऱ्यावरही चढवू नका. पूर्वीच्या काही फ्लॅशगनच्या टोकांवर दोनशे व्होल्टच्या वर दाब असतो आणि त्याने कॅमेऱ्याचे नाजूक भाग जळू शकतात. अशा फ्लॅशला ऑप्टिकल डोळा लावून तो दूर स्टॅण्डवर ठेवला तर कॅमेऱ्याशी त्याचा संबंधच येत नाही. मात्र तो डोळा तेवढा दाब सोसणारा आहे ना, हे विकत घेतानाच विचारून घ्यावे.

कार्याच्या दिवशी एक तास आधी पोहोचावे. नव्या पेन्सिल सेलचा किंवा भरलेल्या चार्जिंग सेलचा एक जादा संच खिशात असावा. स्टॅण्डच्या पायावर वाळूची किंवा विटांची पिशवी ठेवावी. हॉलच्या चारही कोपऱ्यांतून बटण दाबून फ्लॅश पेटतो की नाही ते पाहावे आणि एखाद्या नातेवाइकाला पांढरा रुमाल हातात देऊन वधूच्या जागी उभे करावे. रुमालाची वीण दिसली आणि चेहराही उजळ आला, म्हणजे ताकद बरोबर लागली. आणि वायरही पिशवीत असू द्यावीच. रेडिओने ऐन वेळी दगा दिला तर एस-१ आहे, तेही न जमले तर वायर आहे. ज्याच्याजवळ तीन वाटा आहेत तो घाबरत नाही.

७ डिसेंबर १९५६ रोजी मुंबईत बाबासाहेबांची अंत्ययात्रा निघाली, तेव्हा नामदेवराव व्हटकर यांनी ती चित्रफितीवर उतरवून ठेवली. म्हणून तो अलोट जनसागर आजही आपल्याला पाहता येतो. आपल्या आजी-आजोबांचे मात्र कित्येक घरांत एकही छायाचित्र नाही. पुढच्या पिढीवर ही वेळ येऊ नये. भिंतीवर लागणाऱ्या फोटोत नातवाला आजीचा चेहरा जसा होता तसा, तिच्याच रंगात, दिसला पाहिजे. एवढ्यासाठी फ्लॅश कोठे ठेवावा आणि त्याला हाक कशी द्यावी, हे शिकून घेणे अगत्याचे आहे.

जयभीम !