दहा दिवसांचा कॅम्प आणि जनरलचा डबा

मंडळी, आजचं पोस्ट जरा रागातच लिहितोय. आमच्याकडे नांदेड-लातूरच्या बाजूला एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं. विद्यापीठाची टीम कुठेतरी लांब जाऊन हरून आली, की पेपर वाचता वाचता कुणीतरी म्हणणारच, "आपल्या पोरांत स्टॅमिनाच नाही हो!"

साफ खोटं आहे हे. स्टॅमिना नाही म्हणणाऱ्यांनी एकदा पहाटे पाचला घराबाहेर पडून बघावं. मराठवाड्यातल्या कुठल्याही तालुक्याच्या रस्त्यावर पोरं-पोरी पळताना दिसतील. पोलीस भरतीत मुलांना 1600 मीटर आणि मुलींना 800 मीटर पळायचं असतं, एसआरपीएफला 5 किलोमीटर. त्यासाठी ही मंडळी महिनोन्‌महिने पळतात. ना कोच, ना धड बूट, वर उसाच्या ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या चुकवायच्या! स्टॅमिना भरपूर आहे. नाही ती फक्त तयारी, आणि ती पोरांकडे नाही असं नाही, ती त्यांना पाठवणाऱ्यांकडे नाही.

कॉलेजच्या टीमची तयारी म्हणजे काय असते? स्पर्धा जवळ आली की निवड चाचणी. मग आठ-दहा दिवसांचा कोचिंग कॅम्प. त्यात सकाळ-संध्याकाळ पोरांना घाम फुटेस्तोवर पळवायचं, ट्रॅकसूट वाटायचे, फोटो काढायचा आणि गाडीत बसवायचं. आपण इंजिनिअर लोक पीएलमध्ये अख्खी सेमिस्टर उरकायचो, तोच प्रकार. पण रात्रभर जागून पेपर एक वेळ निघतो, मंडळी. फुप्फुसं आणि पाय असे निघत नाहीत.

याचं कारण साधं आहे. लांब पल्ल्याचा दम येतो तो स्नायूंमध्ये बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं वाढल्यामुळे आणि पेशींमधली मायटोकाँड्रिया वाढल्यामुळे. या गोष्टींना कित्येक आठवडे, महिने लागतात. अस्थिबंध आणि स्नायूबंध तर त्याहून सावकाश मजबूत होतात. दहा दिवस जोरात पळवून हाती काय लागतं? फक्त थकवा! शरीर सुधारतं ते कष्टानंतरच्या विश्रांतीत, आणि ती विश्रांती आपण रेल्वेच्या डब्यात देतो. स्टॅमिना वाढवायच्या नावाखाली असलेला घालवण्याची ही शास्त्रशुद्ध पद्धत आहे.

आता जरा लांबचं उदाहरण देतो. अमेरिकेतल्या कॉलेजांमध्ये नॉर्डिक स्कीइंगच्या टीम असतात. बर्फावर सपाटीला, चढाला मैलोन्‌मैल जायचं, म्हणजे दमाचा कस काढणारा खेळ. स्पर्धा जानेवारीपासून, पण तयारी मे महिन्यात सुरू. उन्हाळ्यात बर्फ कुठला? मग चाकं लावलेल्या पट्ट्यांवर डांबरी रस्त्याने सराव, हातात काठ्या घेऊन डोंगर चढणं, आणि भरपूर सावकाश, लांब पळणं. नोव्हेंबरच्या शेवटी बर्फाच्या शोधात अनेक टीम माँटानातल्या वेस्ट यलोस्टोनला जातात. ते गाव समुद्रसपाटीपासून सुमारे 2000 मीटर उंचीवर. तिथे मुक्काम, विरळ हवेची सवय, आणि मग सीझन.

"ते अमेरिका आहे हो, त्यांच्याकडे पैसा आहे." कबूल. पण मुद्दा पैशाचा नाही, कॅलेंडरचा आहे. बर्फ नाही म्हणून ते सहा महिने बसून राहत नाहीत. आपल्याकडे पळायला बर्फ लागत नाही, रस्ता लागतो. जून ते सप्टेंबर आपली काळ्या मातीची मैदानं चिखलाची होतात, हे खरं आहे. म्हणून काय, डांबरी रस्ते बंद होतात का? उलट आपल्याकडच्या 42-43 डिग्रीच्या उन्हाळ्यानंतर पावसाळ्याची थंड हवा म्हणजे पायाभरणीचा सर्वात चांगला काळ. तोच आपण वाया घालवतो.

आणि गंमत म्हणजे (खरं तर संताप म्हणजे), वर्षभर तयारी कशी करायची हे जगाला शिकवणारं गाव आपलंच! लातूर पॅटर्न. राजर्षी शाहू, दयानंद या कॉलेजांनी नावारूपाला आणलेला. रोजचा अभ्यास, ठरावीक दिवसांनी चाचणी, चुका तपासणं, पुन्हा उजळणी, पुन्हा चाचणी. लातुरात एखाद्या क्लासवाल्याने "नीटची तयारी दहा दिवसांत" असा बोर्ड लावला, तर पालक त्याला गावात राहू देतील का? पण त्याच गावातल्या पोराला दहा दिवसांच्या कॅम्पवर देशभरातल्या पोरांशी पळायला पाठवलं, तर कुणालाच काही वाटत नाही!

प्रवासाचं तर बोलायलाच नको. माझा मावसभाऊ एका कॉलेजच्या टीममधून गेला होता. जाताना दीड दिवस जनरलच्या डब्यात, आळीपाळीने बूड टेकवत. पहाटे उतरले आणि त्याच दिवशी दुपारी मैदानात. आल्यावर मला म्हणाला, "दादा, पळायच्या आधीच पाय सुजले होते." तो शेवटून तिसरा आला आणि घरी लोक काय म्हणाले? स्टॅमिना नाही!

आपल्याला जागेची किंमत कळत नाही असंही नाही. 2017 मध्ये लातूर-मुंबई गाडी बिदरपर्यंत वाढवली तेव्हा लातुरात आंदोलनं झाली. आपली जागा जाते म्हटल्यावर लोक रस्त्यावर आले. पूर्वी स्पर्धेला जाणाऱ्या खेळाडूंना रेल्वेच्या स्लीपरला 75 टक्के सवलत होती. मार्च 2020 मध्ये रेल्वेने बऱ्याचशा सवलती थांबवल्या, त्यात तीही गेली. तेव्हा कोण उतरलं रस्त्यावर?

मग उत्तर येतं, "अहो, जिद्द असेल तर सगळं होतं. खाशाबा बघा." मला या दाखल्याची फार चीड आहे. 1952 साली खाशाबा जाधवांना हेलसिंकीला जाता यावं म्हणून कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण ठेवून 7000 रुपये दिले. खर्डेकर सर मोठेच. पण ही गोष्ट आपण छाती फुगवून सांगतो, याचं मला नवल वाटतं. मास्तरला घर गहाण टाकावं लागलं, यात अभिमान कसला?

दुसरा दाखला अविनाश साबळेचा. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा, म्हणजे आपल्याच मातीतला. 2022 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत स्टीपलचेसचं रौप्य, 2023 ला हांगझोऊच्या एशियाडमध्ये सुवर्ण, 2024 ला पॅरिस ऑलिंपिकची फायनल. पण बारावीनंतर तो गेला सैन्यात. तिथे क्रॉस कंट्रीच्या टीममध्ये आला, कोच मिळाला, खुराक मिळाला, वर्षभराचं वेळापत्रक मिळालं. आपण त्याला फक्त शाळेपर्यंतचं अंतर दिलं, जे तो चालत-पळत जायचा. दम आपला होता, तयारी सैन्याची.

असो. नुसता संताप करून उपयोग नाही. तीनच मागण्या आहेत आणि त्यातली एकही अमेरिकेची नाही. एक, सराव जूनमध्ये सुरू करा. एक कोच, एक घड्याळ, दर महिन्याला एक चाचणी आणि सकाळी अंडी, केळी, दूध. दोन, रेल्वेचं रिझर्व्हेशन 60 दिवस आधी उघडतं. स्पर्धा दरवर्षी असते, ती आभाळातून पडत नाही. तिकिटं वेळेवर काढा आणि टीम दोन दिवस आधी पोचवा. तीन, फीच्या पावतीवर क्रीडा शुल्क म्हणून जे घेता, त्याचा हिशोब नोटीस बोर्डावर लावा.

आपल्यापैकी बरेच जण आज पुण्या-मुंबईत, बंगलोरला आहेत. दर रविवारी मॅरेथॉनच्या तयारीचे 16 आठवड्यांचे प्लॅन आपण मोबाईलवर बघतो, हजारोंचे बूट घेतो आणि शेवटचे दोन आठवडे टेपरिंग म्हणून आराम करतो. हौसेच्या पळण्याला 16 आठवडे, आणि गावाकडच्या पोराच्या एकुलत्या एका संधीला दहा दिवस! दिवाळीला घरी जाल तेव्हा आपल्या जुन्या कॉलेजात एक चक्कर मारा. क्रीडा विभागाच्या सरांना भेटा (बरेचसे सर बिचारे स्वतःच वैतागलेले असतात) आणि विचारा, "सर, यंदा सराव कधीपासून? पोरं कशाने जाणार?" माजी विद्यार्थ्याने विचारलं की उत्तर द्यावं लागतं.