वाचनालयात हा गेमही हवा

पलूसच्या औद्योगिक वसाहतीत मी यंत्रदुरुस्तीचं काम करतो. बंद पडलेल्या लेथला हात लावण्याआधी नीट बघावं लागतं, ऐकावं लागतं. तीच सवय लावणारा एक जुना कॉम्प्युटर गेम आपल्या मुलांपर्यंत पोचावा, असं मला मनापासून वाटतं. ‘बिनीथ अ स्टील स्काय’ हे त्याचं नाव. ब्रिटनच्या रिव्होल्यूशन सॉफ्टवेअरने तो १९९४ साली काढला. त्यासाठी ‘वॉचमेन’ या चित्रकथेचे चित्रकार डेव्ह गिबन्स यांनी चित्रं काढली.

गेमच्या गोष्टीत ऑस्ट्रेलियाच्या उजाड मुलखात वाढलेल्या रॉबर्ट फॉस्टरला पकडून युनियन सिटीत आणतात. शहर ‘लिंक’ नावाच्या महासंगणकाच्या ताब्यात आहे. गरीब माणसं वरच्या मजल्यांवर कारखान्यांच्या धुरात आणि श्रीमंत खाली जमिनीवर. फॉस्टरपाशी असतो तो जोई या यंत्रमानवाचा सर्किट बोर्ड. भंगारातल्या सांगाड्यात तो बसवला की जोई उठून बोलायला लागतो. बंद दार उघडायला फॉस्टर जवळचीच लोखंडी सळई उपसतो. आमच्या शॉपमधला कुठलाही पोरगा हेच करेल!

गेमने मुलं बिघडतात, असं सरसकट म्हणणं मला पटत नाही. मुलांना काय करायला लावतो, यावरून गेमची पारख व्हावी. इथे माउसने एकेक वस्तू तपासायची, माणसांना बोलतं करायचं आणि त्यातून वाट काढायची. अडलं की डोकं चालवायचं. पैसे भरून पुढे जायची सोय नाही. शिवाय यंत्राच्या हाती कारभार गेला तर माणसाचं काय होतं, हा प्रश्न या गेमने तीस वर्षांपूर्वीच विचारला. एआयच्या आजच्या दिवसांत तोच प्रश्न आपल्या दाराशी आला आहे.

आपल्या पलूस तालुक्याला यंत्र आणि गोष्टीचं हे नातं परकं वाटू नये. किर्लोस्करवाडीत १९१० साली कारखाना उभा राहिला आणि दहा वर्षांनी त्याच वाडीतून ‘किर्लोस्कर खबर’ हे मासिक निघालं. यंत्र आणि साहित्य इथे शेजारी वाढलं. कोल्हापुरात जन्मलेल्या जयंत नारळीकरांनी मराठीत विज्ञानकथा लिहून वाचक घडवले. त्या वाचकांची नातवंडं आता पडद्यापुढे बसली आहेत. त्यांच्यासाठी पडद्यावरही तसंच काही हवं.

हा गेम २००३ पासून मोफत मिळतो आणि स्कमव्हीएम या मोफत प्रोग्रॅममुळे साध्या कॉम्प्युटरवरही चालतो. पलूस, भिलवडी, कुंडलच्या वाचनालयांनी आणि हायस्कुलांनी तो आपल्या कॉम्प्युटरवर घालावा. इंग्रजी अडेल तिथे शिक्षकांनी शेजारी बसावं. सांगलीच्या वालचंद कॉलेजसारख्या ठिकाणी शिकणाऱ्या मुलामुलींनी परवानगी काढून त्याचे संवाद मराठीत आणावेत आणि पुढे कृष्णाकाठची स्वतःची विज्ञानकथा अशाच गेममधून सांगावी. यंत्र आवाज का करतंय, हे समजावून सांगायला कुणी हवं असेल, तर आम्ही कामगार त्यांना वेळ देऊ.