निर्णय आधीचा, निकाल नंतरचा

निकाल लागल्यावर शहाणपण सर्वांनाच सुचते. निकाल परीक्षेचा असो, निवडणुकीचा असो वा क्रिकेटच्या सामन्याचा असो, "मी तेव्हाच म्हणालो होतो" असे सांगणारी माणसे गल्लोगल्ली भेटतात. पण निकाल लागण्यापूर्वी, हाती अपुरी माहिती असताना निर्णय कसा घ्यावा, हे सांगणारा क्वचितच भेटतो. या प्रश्नाचा विचार करायला मला वाणिज्य शाखेच्या क्रमिक पुस्तकांपेक्षा एका परदेशी खेळाने अधिक शिकवले. विषय चमत्कारिक वाटेल. परंतु वाचकांनी थोडा धीर धरावा, ही विनंती.

माझा मामेभाऊ अमेरिकेत न्यू जर्सी राज्यात नोकरीला आहे. तो आणि त्याच्या कचेरीतले सहकारी असे बारा जण मिळून 'फँटसी फुटबॉल' खेळतात. पैशाचा व्यवहार नाही. हरणाऱ्याने वर्षभर थट्टा सोसायची, एवढीच बाजी. (आपल्याकडे क्रिकेटवर पैसे लावून असे खेळ चालत. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. त्या प्रकाराशी या लेखाचा संबंध नाही.) गेले दोन हंगाम मामेभावाच्या संघाची आकडेमोड मी बेळगावात बसून करतो, म्हणून दोन शब्द लिहिण्याचा अधिकार घेतो.

अमेरिकेतला फुटबॉल म्हणजे आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. चेंडू लांबट असतो. क्वार्टरबॅक नावाचा खेळाडू तो फेकतो आणि वाइड रिसीव्हर नावाचे खेळाडू पुढे धावत जाऊन झेलतात. फँटसीच्या खेळात आपण खऱ्या बत्तीस संघांतले खेळाडू हंगामाच्या आरंभी वाटून घेतो आणि आपला कागदी संघ बनवतो. खऱ्या सामन्यात खेळाडू जे करील, त्याचे गुण आपल्याला. ही कल्पना काही आजची नाही. १९६२ साली ऑकलंड रेडर्स या संघाचे एक भागीदार बिल विंकेनबाख यांनी न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात दोघा स्नेह्यांसह तिचा आराखडा केला, आणि १९६३ साली आठ संघांची पहिली स्पर्धा सुरू झाली. तेव्हा सारा हिशेब हातानेच होई.

रिसीव्हरचे गुण मोजण्याची प्रचलित रीत अशी: दर दहा यार्डांना एक गुण, प्रत्येक झेलाला एक, आणि चेंडू शेवटच्या रेषेपार नेला, म्हणजे टचडाउन केले, तर सहा. खरा हंगाम २०२१ पासून अठरा आठवड्यांचा आहे. शेवटच्या आठवड्यात जागा पक्की झालेले संघ आपले मोहरे विश्रांतीला बसवतात. म्हणून बहुतेक फँटसी स्पर्धांची बाद फेरी पंधरा, सोळा आणि सतरा या तीन आठवड्यांत उरकतात. एक हरला की घरी. संघात रिसीव्हर पाच-सहा असतात आणि उतरवायचे असतात दोन किंवा तीन. कोणाला उतरवावे आणि कोणाला बाकावर बसवावे, यावर डिसेंबरात मित्रामित्रांत अबोला होतो.

या अंकाच्या कन्नड विभागात लिहिणारा माझा एक मित्र म्हणतो, "त्यात विचार कसला? मागच्या रविवारी ज्याने जास्त गुण केले, त्याला उतरवावे." हे मत सर्वांना पटते. माझा विरोध नेमका याच मताला आहे.

समजा, गेल्या आठवड्यात पहिल्या रिसीव्हरकडे दहा वेळा चेंडू फेकला गेला. त्याने सहा झेल घेतले, सत्तर यार्ड काढले, टचडाउन एकही नाही. गुण झाले तेरा. दुसऱ्याकडे तीनच वेळा फेकला, झेल दोन, यार्ड साठ, पण दोन्ही झेलांवर टचडाउन. गुण झाले वीस. मित्र दुसऱ्याला उतरवील, मी पहिल्याला. टचडाउन हा पुष्कळ अंशी योगायोग आहे; पण चेंडू किती वेळा फेकला गेला, हे संघाचा त्या खेळाडूवर किती विश्वास आहे ते सांगते. वाणिज्याच्या भाषेत सांगायचे तर एक नियमित उत्पन्न आहे आणि दुसरे लॉटरीचे बक्षीस. लॉटरी लागलेल्या वर्षाचा नफा पाहून कोणी दुकान विकत घेत नाही. २०२१ साली लॉस एंजेलिस रॅम्सचा कूपर कप झेल, यार्ड आणि टचडाउन या तिन्हींत पहिला आला: १४५ झेल, १,९४७ यार्ड, १६ टचडाउन. परंतु त्याचे भांडवल होते त्याच्याकडे फेकलेले १९१ चेंडू, म्हणजे सामन्यामागे अकरांहून अधिक. बाकीचे त्या भांडवलावरचे व्याज.

दुसरे असे की एका वाईट आठवड्याने खेळाडूची किंमत उतरत नाही. त्याच हंगामात सिनसिनाटी बेंगल्सचा जमार चेस पंधराव्या आठवड्यात, ऐन बाद फेरीत, डेन्व्हरविरुद्ध एक झेल आणि तीन यार्डांवर थांबला. पण संघातली त्याची जागा तीच होती, फेकणारा तोच होता. सतराव्या आठवड्यात, म्हणजे २ जानेवारी २०२२ रोजी, कॅन्सस सिटीविरुद्ध त्याने अकरा झेलांत २६६ यार्ड आणि तीन टचडाउन केले. आमच्या मोजणीने पंचावन्न गुण भरून वर थोडे. कोणी म्हणेल, हा तर निकालाचाच दाखला झाला. तसे नाही. त्या रात्री चेसने वीस यार्ड केले असते, तरी त्याला उतरवणे योग्यच होते.

तिसरी गोष्ट, सरासरी एकटी पुरत नाही. एका रिसीव्हरचे चार सामन्यांतले गुण १२, १३, १४, १३ आणि दुसऱ्याचे ३, २७, ५, १७. बेरीज दोघांचीही बावन्न, सरासरी तेरा. संख्याशास्त्राच्या तासाला प्रमाण विचलन कशासाठी शिकवतात, ते इथे कळते. आपला उरलेला संघ वरचढ असेल तर पहिला घ्यावा, कारण आपल्याला फक्त पडायचे नाही. पण सोमवारच्या शेवटच्या सामन्याआधी आपण वीस गुणांनी मागे असू, तर पहिला कितीही गुणी असला तरी उपयोगाचा नाही; तिथे दुसराच हवा. बाद फेरीत शिल्लक पुढे ओढली जात नाही. एका गुणाने हरलो काय आणि चाळिसाने हरलो काय, खाते बंदच होते.

याखेरीज हवामान आणि दुखापती पाहाव्या लागतात. थंडी आणि हिमाला लोक फार भितात, पण खरा शत्रू वारा. ६ डिसेंबर २०२१ रोजी बफेलोच्या मैदानावर असा वारा होता की न्यू इंग्लंड पेट्रियट्सने सबंध सामन्यात चेंडू अवघा तीन वेळा फेकला आणि तरी १४-१० असा सामना जिंकला. त्या संघाचा रिसीव्हर उतरवणाऱ्याच्या हाती काय लागणार? आणि क्लीव्हलंड ब्राउन्सच्या अमारी कूपरने २४ डिसेंबर २०२३ रोजी ह्यूस्टनविरुद्ध २६५ यार्ड काढून संघाचा विक्रम केला. चारच दिवसांनी, गुरुवारच्या सामन्यात, टाचेच्या दुखापतीने तो मैदानात उतरलाच नाही. ज्यांना त्याने उपान्त्य फेरी जिंकून दिली, त्यांना अंतिम फेरीत त्याच्याविना खेळावे लागले. म्हणून बाकावर एक भरवशाचा माणूस राखावा, आणि सामन्याआधी दीड तास जाहीर होणारी न खेळणाऱ्यांची यादी वाचल्याशिवाय झोपू नये. रविवारचे पहिले सामने आपल्या घड्याळाने रात्री साडेअकराला सुरू होतात, म्हणजे यादी दहाला येते. एवढे जागरण विद्यार्थ्याला जड नाही.

आता मूळ मुद्द्यावर येतो. गेल्या डिसेंबरात मामेभावाने उपान्त्य फेरीत हे सारे तोलून रिसीव्हर निवडला. तो खेळाडू पहिल्या पंधरा मिनिटांतच जायबंदी झाला, आणि बाकावर बसवलेल्याने दोन टचडाउन केले. भाऊ हरला. त्याचे सहकारी अजून त्याला 'बाकाचा बादशहा' म्हणून चिडवतात. थट्टा आहे तोवर ठीक. पण निकाल पाहून निर्णयाला मूर्ख ठरवण्याची ही खोड खेळापुरती राहत नाही.

आमच्या घरचेच उदाहरण देतो. माझ्या वडिलांनी २०१९ च्या उन्हाळ्यात दुकान मोठ्या जागेत हलवले. भाडे परवडणारे, रहदारी भरपूर, आणि शेजारच्या जुन्या दुकानदारांना विचारले तर पाणी कधी शिरल्याचे कोणाच्या आठवणीत नव्हते. त्याच ऑगस्टमध्ये बेळगावात अतिवृष्टी झाली, अनेक दुकानांत पाणी शिरले, आणि आमचा मालही भिजला. घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याने चहा पिता पिता "जागा बदलायला नको होती" असा निवाडा दिला. जागा बदलताना यांपैकी कोणी हरकत घेतली नव्हती. नुकसान दोन वर्षांत भरून निघाले. पण त्यानंतर बरीच वर्षे वडिलांनी धंद्यात नवे काही करून पाहिले नाही. निकालावरून माणसाला जोखण्याची किंमत ही अशी असते. तो पुढच्या वेळी अधिक चांगला निर्णय घेत नाही, निर्णय घेण्याचेच सोडून देतो. उलट आंधळेपणाने डाव टाकून जिंकलेल्याचे सत्कार होतात आणि पुढची मुले त्याचाच कित्ता गिरवतात.

अर्थात, या हिशेबालाही मर्यादा आहे. २ जानेवारी २०२३ रोजी, सतराव्या आठवड्याच्या सोमवारी, बफेलो आणि सिनसिनाटी यांचा सामना चालू होता. अनेकांच्या फँटसी अंतिम फेऱ्या त्यावर अवलंबून होत्या. बेंगल्सचा रिसीव्हर टी हिगिन्स याला अडवून बफेलोचा डमार हॅमलिन उठून उभा राहिला आणि कोसळला. त्याचे हृदय बंद पडले होते. मैदानावरच उपचार करून त्याला रुग्णालयात नेले. सामना थांबला आणि पुढे रद्द झाला. कितीतरी फेऱ्यांचा निकाल लागलाच नाही. हॅमलिन वाचला, पुढच्या हंगामात पुन्हा खेळलाही. ज्याच्या नावापुढे आपण आकडे मांडतो तो हाडामांसाचा माणूस आहे, हे त्या रात्री सर्वांना समजले. एरवी गुण कमी पडले म्हणून खेळाडूंना शिव्या लिहून पाठवणारे लोक कमी नाहीत. आपला निर्णय चुकला वा फसला, तर त्याचा राग त्या खेळाडूवर काढण्याचा हक्क आपल्याला नाही.

मी आणि मामेभाऊ आता एक साधी वही ठेवतो. संघ उतरवण्याआधी प्रत्येक निवडीचे कारण तिच्यात दोन ओळींत लिहायचे: चेंडू किती वेळा फेकला जातो, फेकणारा कोण, वारा कसा, आपण पुढे की मागे. निकालानंतर गुण बाजूला ठेवून फक्त कारण वाचायचे. कारण आजही पटत असेल तर पराभव मुकाट्याने सोसायचा. कारणच लंगडे असेल तर जिंकलो तरी वहीत तांबडी खूण करायची. या वहीला परदेशी खेळाची गरज नाही. शाखा निवडताना, नोकरी धरताना, भांडवल गुंतवताना आपल्यापैकी कोणालाही ती ठेवता येईल. आणि आमच्या गुरुजनांना नम्र विनंती, की एखादा विद्यार्थी अपयश घेऊन दाराशी आला तर त्याला निकाल विचारण्याआधी त्याचे कारण विचारावे. निकाल त्याला आधीच ठाऊक असतो.