देवाच्या हातातला ओळंबा

कुठे पूर आला, भूकंप झाला, साथ पसरली की दोन दिवसांत फोनवर एक व्हिडिओ येतोच. मागे गंभीर संगीत, वर लाल अक्षरं, आणि कुणीतरी ठामपणे सांगत असतं की हा देवाचा न्याय आहे. पाप कुणाचं होतं, तेही त्याला पक्कं ठाऊक असतं. ते कधीच त्याचं स्वतःचं नसतं. आधाराला जुन्या करारातल्या एखाद्या संदेष्ट्याचं नाव घेतलेलं असतं.

यावर चिडून कुणी लिहितं, 'ओल्ड टेस्टामेंटचा देव असाच! रागीट, सूडखोर.' भांडण जोरात चालतं, पण एका गोष्टीवर दोघांचं एकमत असतं: देवाचा न्याय म्हणजे देवाचा राग. मला वाटतं, दोघांनीही संदेष्ट्यांची पुस्तकं उघडलेली नाहीत.

आमोसपासून सुरुवात करू. इ.स.पू. आठव्या शतकातला हा माणूस यहूदातल्या तकोवा गावचा. मेंढरं राखायची आणि उंबराच्या जातीच्या झाडांची निगा राखायची, हा त्याचा धंदा. तो उत्तरेकडच्या इस्राएलच्या राज्यात, बेथेलच्या मंदिरात जाऊन बोलला. राजा होता दुसरा यराबाम. काळ भरभराटीचा होता. राजधानी शोमरोनमध्ये श्रीमंतांच्या घरी हस्तिदंती सजावट होती. आमोस तिचा उल्लेख करतो, आणि विसाव्या शतकातल्या उत्खननात तिथे खरोखरच हस्तिदंती नक्षीकाम सापडलं.

आमोस सुरुवात शेजाऱ्यांपासून करतो. दिमिष्कने काय केलं, गाझाने काय केलं, सोर, अदोम, अम्मोन, मवाब. माणसांची अख्खी वस्ती गुलाम म्हणून विकली, गरोदर बायकांची पोटं फाडली. ऐकणारे माना डोलवत असणार. मग यहूदाचं नाव येतं. आणि शेवटी, सगळ्यांत लांब आरोपपत्र, समोर बसलेल्या इस्राएलचं. म्हणजे व्हिडिओवाला जिथे थांबतो, तिथून आमोसचं खरं बोलणं सुरू होतं.

आरोप तरी कोणते? चपलांच्या एका जोडासाठी गरिबाला विकलं. गहाण ठेवलेल्या कपड्यांवर वेदीशेजारी लोळले. धान्य मोजायचं माप लहान केलं, पैसे तोलायचं वजन मोठं केलं, गव्हाबरोबर गाळही विकला. सण कधी संपतो आणि दुकान कधी उघडतो, याची वाट पाहिली. वेशीत लाच खाल्ली. त्या काळी गावाची वेस हेच कोर्ट होतं.

गहाण कपड्याची गोष्ट किरकोळ वाटेल. पण निर्गमच्या पुस्तकात नियम आहे की गरिबाचं पांघरूण गहाण घेतलं तर सूर्य मावळायच्या आत परत द्यायचं, कारण रात्री त्याच्याकडे दुसरं काही नसतं. 1960 साली इस्राएलच्या किनाऱ्याजवळ मसाद हशाव्याहू इथे एक लिहिलेलं खापर सापडलं. आमोसनंतर शंभरेक वर्षांचं. त्यात एक कापणी करणारा मजूर अधिकाऱ्याकडे अर्ज करतो: मी ठरलेलं काम पुरं केलं, तरी माझा कपडा काढून घेतला, तो परत मिळवून द्या. संदेष्टे हवेत बोलत नव्हते, ते अशा माणसांचे अर्ज पुढे नेत होते.

आता शब्दाकडे येऊ. हिब्रूत 'मिश्पात' म्हणजे न्याय. त्याच धातूपासून 'शोफेत' होतो. हे शोफेत म्हणजे ज्यांच्यावर बायबलमध्ये एक पुस्तक आहे ती माणसं. मराठी बायबलमध्ये त्या पुस्तकाचं नाव 'शास्ते'. आपल्या भाषेत 'शासन' म्हणजे राज्य चालवणं, आणि 'शासन झालं' म्हणजे शिक्षा झाली. त्यामुळे शास्ता म्हटलं की आपल्याला छडी दिसते. पण त्या पुस्तकातली दबोरा खजुरीच्या झाडाखाली बसते आणि लोक आपले तंटे घेऊन तिच्याकडे येतात. मिश्पातमध्ये शिक्षा आहेच, पण शिक्षा म्हणजे मिश्पात नव्हे. ज्याचं हिरावलं गेलं त्याला ते परत मिळणं, हा त्याचा गाभा आहे. म्हणून लुबाडलेल्याला मिश्पात ही चांगली बातमी असते, आणि लुबाडणाऱ्याला भीतीची.

आमोसच्या श्रोत्यांनाही हे उमगलं नव्हतं. 'परमेश्वराचा दिवस' येईल आणि आपल्या शत्रूंचं वाटोळं होईल, अशी त्यांची आशा होती. आमोस म्हणतो, तो दिवस तुमच्यासाठी अंधाराचा असेल. सिंहापासून पळालेल्याला अस्वल भेटावं, तसा.

आता एक अडचण. चौथ्या अध्यायात दुष्काळ, टोळ आणि रोगराई देवानेच धाडली, असं आमोस स्पष्ट म्हणतो. ते मी लपवणार नाही. पण हे तो कुणाला म्हणतो? तो अध्याय शोमरोनमधल्या चैनखोर, गरिबांना चिरडणाऱ्या बायकांपासून सुरू होतो. परत फिरा, हे त्याचं मागणं आहे. ढिगाऱ्याखाली दबलेल्याच्या नातेवाइकांना तो हिशेब सांगत नाही. उलट सातव्या अध्यायात टोळांचा आणि आगीचा दृष्टांत दिसल्यावर तो दोन्ही वेळा देवालाच विनवतो, आणि दोन्ही वेळा देव थांबतो. व्हिडिओतल्या वक्त्याने अशी विनवणी केलेली मी अजून ऐकलेली नाही.

तिसऱ्या दृष्टांतात देव भिंतीजवळ उभा आहे. हातात, परंपरेने वाचतात तसा, ओळंबा. गवंडी ओळंबा सोडतो तेव्हा भिंत त्यामुळे पडत नाही. ती तिरकी आहे, एवढंच दिसतं. तिरकी भिंत पुढेमागे कोसळतेच. इ.स.पू. 722 च्या सुमारास अश्शूरने शोमरोन घेतलं. तिच्याखाली गरीबही चिरडले गेले, आणि याचं समाधानकारक उत्तर संदेष्ट्यांकडेही नाही. यिर्मया म्हणून तर रडतो, हबक्कूक देवाशी भांडतो.

ओळंबा दाखवणाऱ्याचं काय झालं? बेथेलचा याजक अमस्या त्याला म्हणाला, तुझ्या मुलखात जा, तिकडे पोट भर. हे राजाचं मंदिर आहे. न्यायाची भाषा खरी आहे की खोटी, ते ओळखायची खूण मला इथे दिसते. ती बोलल्यावर तुमची जागा जाते की तुमचे फॉलोअर्स वाढतात?

दुसऱ्या बाजूच्या मित्रांनाही एक सांगायचं आहे. 'तो जुना क्रूर देव' ही कल्पना बंडखोर नाही, जुनाट आहे. दुसऱ्या शतकात मार्सियनने ती मांडली होती, आणि ख्रिस्ती मंडळीनेच ती नाकारली. तरी तिचा वास गेला नाही. ज्यू समाजाने स्वतःवरचे सगळ्यांत कडक आरोप स्वतःच्या पवित्र ग्रंथात जपून ठेवले. पुढे इतरांनी तेच आरोप उचलून शतकानुशतकं ज्यूंवर फेकले. आत्मपरीक्षणाचं पुस्तक शेजाऱ्याला मारायचा दगड झालं.

कोकणातले मराठी बोलणारे बेने इस्राएल पोहे-खोबऱ्याचा मलिदा करून एलियाहू हन्नबीचं नाव घेतात. हा तोच एलीया, जो नाबोथाचा द्राक्षमळा खोट्या खटल्याने बळकावणाऱ्या अहाब राजासमोर जाऊन उभा राहिला. एका शेतकऱ्याच्या जमिनीसाठी. देवाचा न्याय इतका ठोस असतो, सातबाऱ्याइतका.

आणि योना. निनवे वाचलं म्हणून रुसलेला संदेष्टा. शत्रूचं शहर नष्ट व्हावं, ही त्याची इच्छा. देव त्याला विचारतो की त्या शहरातल्या एक लाख वीस हजारांहून जास्त माणसांची, गुराढोरांची मला कीव येऊ नये का? पुस्तक त्या प्रश्नावरच संपतं. योम किप्पूरला, स्वतःचा हिशेब द्यायच्या दिवशी, ज्यू लोक हे पुस्तक वाचतात.

पुढचा व्हिडिओ येईल तेव्हा एवढंच बघा, ओळंबा कुणाच्या भिंतीला लावलाय. बोलणाऱ्याने तो आधी स्वतःच्या भिंतीला लावला नसेल, तर ते संदेष्ट्याचं बोलणं नव्हे. तो झाडाखाली रुसून बसलेला योना आहे, निनवे कधी जळतं याची वाट पाहणारा.