एका जेरीकॅनची किंमत



गेल्या आठवड्यात आमच्या माजी सैनिकांच्या ग्रुपवर एक फोटो फिरत होता. बर्फात उभा असलेला जवान, मिशीवर बर्फाचे कण आणि खाली ओळ : ‘उणे २० मध्येही न डगमगणारा’. सगळ्यांनी हात जोडले, मीही जोडले. पण ड्रायव्हरची नजर जायची तिथं जातेच. जवानाच्या मागं एक ट्रक उभा होता आणि त्याचा मागचा टायर बसलेला दिसत होता.

थंडीत उभ्या असलेल्या माणसाचं कौतुक आपण भरपूर करतो. त्याला ऊब कशी पोचते आणि ती पोचवताना काय खर्ची पडतं, हा हिशेब कुणी करत नाही. आज तो मांडतो.

माझी सगळी नोकरी एएससीत, गाडीवर गेली. लडाखला दोन टेन्युअर झाले. युनिट आणि साल नेहमीप्रमाणे सांगत नाही. एका जानेवारीत आमचा कॉन्व्हॉय लेहहून खारदुंग ला ओलांडून नुब्राकडं निघाला होता. ही खिंड १७ हजार ५०० फुटांच्या वर आहे. माझ्या गाडीत रॉकेलचे शंभर जेरीकॅन होते, प्रत्येकी २० लिटरचे. शेजारी को-ड्रायव्हर होता बीड जिल्ह्यातला, पहिलाच हिवाळा बघणारा पोरगा.

गाडी काढण्याआधी टॉमीनं प्रत्येक टायर ठोकायचा, हा आमच्याकडचा जुना नियम. हवा बरोबर असली की टणक आवाज येतो, कमी असली की बद्द. मागची चाकं जोडीची असतात. बाहेरचा टायर डोळ्यांना दिसतो, आतला दिसत नाही, म्हणून ठोकून बघायचं. त्या सकाळी पोरगा टॉमी घेऊन खाली उतरत होता. मीच म्हणालो, "राहू दे रे, उशीर होतोय. ठीक दिसतायत."

खिंड चढलो, पलीकडं उतरायला लागलो. एका वळणावर आदल्या दिवशी वितळलेलं पाणी रात्री गोठून रस्त्याची काच झाली होती. चाकांना चेन होत्या, पण आतल्या एका टायरची हवा कमी होती आणि तिथली चेन सैल पडली होती. गाडीचा मागचा भाग दरीकडं सरकायला लागला. अशा वेळी ब्रेक दाबायचा नसतो, हे पायाला माहीत असावं लागतं. ग्रेफच्या डोझरनं कडेला लोटलेल्या बर्फाचा ढीग होता, त्याला मागचं चाक अडलं आणि गाडी थांबली. ढिगाच्या पलीकडं काय होतं ते लिहीत नाही.

खाली उतरून चाकांखाली दगड लावले. मागं काही जेरीकॅन आडवे झाले होते, रॉकेलचा वास सुटला होता. पोरगा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "उस्ताद, एवढं जिवावर उदार होऊन हे वर न्यायचं, आणि शेवटी जाळायचंच ना?"

मी त्याला झापला. पण त्या प्रश्नानं मला आजपर्यंत सोडलेलं नाही.

हिशेब साधा आहे. आमच्या खोलीतली बुखारी एका रात्रीत पाच-सहा लिटर रॉकेल प्यायची. माझ्या गाडीतलं २ हजार लिटर म्हणजे दहा बुखाऱ्यांचं महिना-सव्वा महिन्याचं जळण. तेवढ्यासाठी एक ट्रक, सहा टायर, दोन माणसं आणि एक खिंड. जिथं रस्ता संपतो तिथून पुढं तेच जेरीकॅन खेचराच्या किंवा पोर्टरच्या पाठीवर जातात. आणि एवढं करून वर पोचलेली ऊब भिंतीच्या फटींतून, पत्र्याच्या छपरातून बाहेर जाते.

म्हणून माझं मत असं आहे : थंडीच्या मुलखात सगळ्यात सुरक्षित ऊब ती, जी खिंडीवरून वाहून आणावी लागत नाही. खोली नीट बांधली तर रॉकेल वाचतं, रॉकेल वाचलं तर फेरी वाचते, आणि फेरी वाचली तर एखादा ड्रायव्हर वाचतो. टायर आणि बुखारी हे दोन वेगळे विषय नाहीत.

आधी टायरचं सांगतो, कारण फेऱ्या कमी झाल्या तरी बंद होणार नाहीत.

थंडीनं टायरमधली हवा आकसते. कारच्या टायरमध्ये दर पाच-सहा अंशांच्या घसरणीला साधारण एक पौंड दाब कमी होतो. ट्रकच्या टायरमध्ये हवा शंभर पौंडांच्या आसपास असते, तिथं हीच घसरण दोन पौंडांची. दुपारी उन्हात ५ अंश आणि पहाटे उणे २० असेल, तर पंक्चर नसतानाही ट्रकच्या टायरमधली नऊ-दहा पौंड हवा रात्रीत गेलेली दिसते. म्हणून हवा मोजायची ती सकाळी, गाडी हलवायच्या आधी. चालून गरम झालेल्या टायरवर गेज लावलं तर ते खोटं समाधान देतं.

उंचीचा खेळ वेगळाच. वर बाहेरची हवा विरळ, त्यामुळं खालून भरून नेलेला टायर लेहला गेजवर चार-पाच पौंड जास्त दाखवतो. उन्हाळ्यात महाराष्ट्रातून कार घेऊन येणारी मंडळी ते बघून हवा सोडतात आणि परतताना मैदानात मऊ टायरवर गाडी पळवतात. वर हवा कमी केली असेल, तर खाली उतरल्यावर पुन्हा भरा.

बाकी गोष्टी बारीक आहेत, पण त्याच मारतात. वॉल्व्हची टोपी हरवली की आत ओल शिरून बर्फ धरतो आणि हवा निसटत राहते. नायलॉनचा टायर रात्रभर एका जागी उभा राहिला की खालून चपटा होतो आणि सकाळी पहिले काही किलोमीटर गाडी धडधडते. तेव्हा सावकाश चालायचं. ओल्या ब्रेकवर हँडब्रेक ओढून गाडी लावली तर सकाळी ब्रेक चिकटलेले असतात. त्यापेक्षा गाडी गियरमध्ये ठेवून चाकाखाली लाकडाचे ठोकळे लावावेत. चेन लावली की शे-दोनशे मीटर चालवून थांबायचं आणि पुन्हा आवळायची. त्या दिवशी मी ते केलं असतं, तर आतला टायर तिथंच हाताला कळला असता.

काही बाबतीत काळ सुधारला, हेही सांगितलं पाहिजे. आमच्या वेळी डिझेल गोठायचं आणि टाकीखाली जाळ करून गाडी सुरू करायचे. इंडियन ऑइलनं २०१९ मध्ये लडाखसाठी खास हिवाळी डिझेल आणलं, ते उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहतं. टाकीखालचा जाळ त्यामुळं थांबू शकतो. हा उपाय कुणीतरी शांतपणे विचार करून शोधला. खोलीच्या उबेबद्दल मला तसाच विचार हवा आहे.

आता खोलीकडं येतो.

ज्यांनी बुखारी बघितली नाही त्यांच्यासाठी : लोखंडी पिंप, वरून थेंबथेंब रॉकेल पडतं, आत जळतं, आणि धूर पाइपातून छपराबाहेर जातो. पाइपात काजळी साचली, वाऱ्यानं धूर उलटा फिरला किंवा पोरांनी थंडीला कंटाळून झरोका बंद केला, की खोलीत कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तात तो ऑक्सिजनच्या दोनशेपटीहून जास्त जोरानं चिकटतो, आणि त्या उंचीवर ऑक्सिजन आधीच कमी.

खिंडीतल्या त्या प्रसंगानंतर दोन आठवड्यांनी एका रात्री वारा सुटला होता. आमच्या शेजारच्या खोलीतल्या पोरांनी झरोक्यात पोतं कोंबलं. पहाटे ड्युटी बदलायला आलेल्या संतरीनं दार वाजवलं, आतून उत्तर नाही. दार ढकललं तर दोघं उठून बसले, पण बोलताना जीभ जड, डोकं ठणकतंय. तिसरा उठतच नव्हता. त्याला ओढून बाहेर बर्फात आणला, डॉक्टर साहेबांनी ऑक्सिजन लावला. दुपारपर्यंत तो माणसांत आला. तो तिसरा माझा को-ड्रायव्हर होता. दोन आठवड्यांत तो दोनदा वाचला. एकदा रॉकेल वर नेताना, आणि एकदा तेच जळताना.

उपाय आकाशातून आणायचा नाही, लडाखी माणसाच्या घरात तो उभा आहे. जाड मातीच्या भिंती, उत्तरेला खिडकी नाही, दक्षिणेला मोठ्या काचा, आणि हिवाळ्यात सगळं कुटुंब चुलीच्या एकाच खोलीत. लेहला वर्षात तीनशेच्या आसपास दिवस ऊन असतं. थंडी कडक असली तरी ऊन फुकट आहे.

त्याची पुढची पायरी म्हणजे ट्रॉम्ब भिंत. फेलिक्स ट्रॉम्ब या फ्रेंच अभियंत्याच्या नावानं ती ओळखली जाते. दक्षिणेकडची जाड भिंत बाहेरून काळी रंगवायची आणि तिच्यापुढं थोडं अंतर सोडून काच लावायची. भिंतीत खाली आणि वर झडपा ठेवायच्या. दिवसा काचेमागची गरम हवा वरच्या झडपेनं खोलीत येते. संध्याकाळी झडपा बंद केल्या की तापलेली भिंत रात्रभर हळूहळू ऊब सोडते. लेहजवळ फे गावाला सेकमॉलची शाळा आहे, तिथली मुलं मातीच्या भिंती आणि दक्षिणेच्या काचा यांच्या जोरावर हिवाळा काढतात. सोनम वांगचुक यांनी २०२१ च्या फेब्रुवारीत जवानांसाठी याच तत्त्वावरचा दहा माणसांचा सौर तंबू दाखवला. डीआरडीओच्या डिपास प्रयोगशाळेनं ‘हिमतापक’ नावाची सुधारलेली बुखारी केली आहे. म्हणजे ज्ञान आपल्याकडं आहे. आता ते प्रत्येक खोलीपर्यंत पोचायला हवं.

काही मित्र म्हणतील, "हवालदार साहेब, पोस्टवर कुठं मातीच्या भिंती बांधत बसणार?" बरोबर आहे. सगळ्यात पुढच्या पोस्टवर बुखारी राहणारच आणि राहिलीच पाहिजे. पण ट्रान्झिट कॅम्प, कायमच्या बरॅकी, वर्कशॉप हे वर्षानुवर्षं एकाच जागी असतात. तिथला प्रत्येक लिटर वाचवता येतो. लेहला २०१९ पासून श्रीनगरहून विजेची मोठी लाइन आली आहे. तिथं विजेची शेगडी लावण्याआधीही फटी बुजवल्याच पाहिजेत, नाहीतर रॉकेलऐवजी वीज बाहेर जाईल.

क्रम असा असावा. आधी दाराखिडक्यांच्या फटी, मग छपराखाली जाड थर, मग दुहेरी काच, मग उन्हाची भिंत. शेगडी सगळ्यात शेवटी, आणि ती लहान. फटी बुजवा म्हणतो, पण बुखारीचा झरोका बुजवू नका. तो गळतीत मोडत नाही, तो श्वास आहे. जळणाऱ्या प्रत्येक खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवा, आणि पाइपाची काजळी ठरलेल्या दिवशी निघायलाच हवी. हे काम कुणाचं, हे खोलीच्या दारावर लिहिलेलं असावं.

हे फक्त लडाखचं नाही. माजी सैनिक मित्रांनो, आपण रिटायर होऊन पुण्याला, साताऱ्याला, कोल्हापूरला घर घेतो. बाथरूममध्ये गॅसचा गिझर बसवतो, आणि डिसेंबरात गार वारा येतो म्हणून खिडकी बंद करून आंघोळ करतो. तो वायू तोच आहे. दर हिवाळ्यात आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत त्याची बातमी येते आणि आपण हळहळून पान उलटतो. गिझर बाथरूमच्या बाहेर लावून घ्या. आज बाहेर लावता येत नसेल तर बादली बाहेर भरा, गॅस बंद करा आणि मग आत जा.

तो बीडचा पोरगा आता स्वतः उस्ताद आहे. मागच्या महिन्यात त्याचा फोन आला होता. त्याच्याकडं नवीन पोरं आली आहेत, उशीर झाला की टायर न ठोकताच निघू बघतात, म्हणाला. मी विचारलं, मग तू काय करतोस? म्हणाला, "काही नाही उस्ताद. टॉमी हातात देतो आणि आतला टायर आधी ठोकायला लावतो."

ग्रुपवर पुढचा फोटो येईल तेव्हा हात जरूर जोडा. पण त्याआधी आज संध्याकाळी घरातला गिझर बघा, उद्या सकाळी गाडीची हवा बघा. आणि तुमच्यापैकी जे अजून नोकरीत आहेत, ज्यांच्या सहीनं बरॅकीचं काम होतं, त्यांनी पुढच्या वेळी रॉकेलची मागणी लिहिताना छपराखालच्या थराचीही मागणी लिहावी.

जय हिंद.